खवले, पट्टे आणि घोट्याचं हाड

भाचीच्या विज्ञानाच्या वहीत एक प्रश्न होता, 'गटात न बसणारा प्राणी ओळखा: पाल, मगर, कासव, कबूतर'. तिने अर्थातच कबूतर लिहिलं होतं, त्यावर बरोबरची खूण पण होती, विषय तिथेच संपायला हवा होता. मलाच राहवलं नाही. म्हटलं, अगं नात्यानं बघितलं तर यातली पाल बाहेरची आहे, कबूतर नाही. तिने माझ्याकडे असं काही बघितलं की बस. मग वही मिटत म्हणाली, "मावशी, मी परीक्षेत कबूतरच लिहिणार हां." लिही बाई, मार्क आधी.

पण पाल खरंच बाहेरची आहे. मगरीची आजच्या जगातली सगळ्यात जवळची जिवंत नातेवाईक मंडळी म्हणजे पक्षी. दोघांचा सामायिक पूर्वज साधारण पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा, आणि पालींची, सरड्यांची, सापांची शाखा त्याच्याही आधी वेगळी झालेली. मगरीचं हृदय पक्ष्यांसारखं पूर्ण चार कप्प्यांचं असतं, पालीचं तसं नसतं. मगरीण घरटं करते, त्याची राखण करते, अंड्यातली पिल्लं आतून आवाज द्यायला लागली की उकरून बाहेर काढते आणि तोंडात धरून पाण्यापर्यंत नेते. कासवाचं प्रकरण जरा वेळ चाललं, कारण त्याच्या कवटीत डोळ्यामागे ती भोकं नसतात जी बाकीच्या सरपटणाऱ्या प्राण्यांत असतात, म्हणून कासव म्हणजे फार जुनी, सगळ्यांपासून अलग पडलेली शाखा असं बरीच वर्षं धरून चाललेले. पण २०१२-१३ च्या सुमारास जनुकांचे मोठे अभ्यास आले आणि कासव जाऊन बसलं मगर आणि पक्ष्यांच्या शेजारी. म्हणजे त्या चौघांत मगर, कासव, कबूतर ही एका बाजूची, आणि पाल दुसऱ्या बाजूची.

मग आपल्याला कबूतर वेगळं का वाटतं? कारण पिसं. पिसं, चोच, उडणं, गरम रक्त, सगळं एकदम डोळ्यात भरतं. आणि उरलेल्या तिघांकडे काय आहे, तर खवले. पण खवले ही जुनी गोष्ट आहे, सगळ्यांच्याच पूर्वजाकडे होती, पक्ष्यांच्या पायावर अजूनही आहेत. जुनी गोष्ट ज्यांनी टिकवली ते सगळे एकमेकांच्या जवळचे होतात असं नाही ना. पन्नास नातवंडं-पतवंडं असलेल्या खटल्यात सगळ्यांनाच दोन कान आहेत म्हणून कोण सख्खं आणि कोण चुलत ते कळत नाही, पण मधल्याच एका आजोबांपासून आलेली हनुवटीवरची खळी जर काहीजणांत दिसली तर ते आजोबांचे, एवढं तरी सांगता येतं. विली हेनिग नावाच्या जर्मन कीटकतज्ज्ञाने हे नियमात बसवलं. तो माश्यांवर काम करायचा, म्हणजे घरात येतात त्या माश्या, आणि १९५० मध्ये त्याने मांडलं की नातं ठरवताना फक्त नव्याने आलेली सामायिक वैशिष्ट्यं मोजा, जुनी मोजू नका. ऐकायला साधं आहे, पण यानंतर 'सरपटणारे प्राणी' हा आपला शाळेतला वर्ग पक्ष्यांना आत घेतल्याशिवाय उभाच राहत नाही. 'मासे' तर त्याहून वाईट अवस्थेत. फुप्फुसमासा रावसापेक्षा गायीला जवळचा आहे, मग मासे असा एक सलग गट करायचा तर त्यात गाय पण घ्या आणि आपल्यालाही घ्या.

आता यावर बरेच लोक चिडतात. मी नाही चिडत, पण मला एक गोष्ट खटकते ती अशी की प्राणी ओळखणं आणि प्राण्यांचं वर्गीकरण करणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि आपण ती एकाच धड्यात, एकाच तक्त्यात घालून मुलांना देतो. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती, घोका. ओळखायला लागतात ठळक खुणा. नात्याला लागतात भलत्याच खुणा, बहुतेक वेळा आत दडलेल्या, कंटाळवाण्या, कुणी मुद्दाम बघायला जाणार नाही अशा. कधीकधी दोन्ही एकच निघतात, तेव्हा नशीब समजायचं.

असं नशीब माश्यांच्या बाबतीत आहे. कुठल्याही फुलझाडाशी थोडा वेळ थांबा, एक छोटी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची 'मधमाशी' येईल, फुलापुढे हवेत जागच्या जागी थांबेल, झटकन बाजूला सरकेल, परत थांबेल. मोबाईलने फोटो काढा आणि मोठा करून बघा. डोळे प्रचंड, जवळपास सगळं डोकं डोळ्यांनीच व्यापलेलं. मिश्या अगदी आखूड, नावापुरत्या. आणि पंख दोनच. मधमाशीला चार असतात, पुढचे मोठे आणि मागचे छोटे, उडताना ते एकमेकांना बारीक आकड्यांनी अडकवलेले असतात म्हणून दोनच वाटतात, पण असतात चार. हिला खरोखर दोनच आहेत, आणि मागचे पंख जिथे असायला हवेत तिथे दोन्ही बाजूंना एकेक बारीक दांडी, टोकाला गाठ. फोटो बरा आला असेल तर ती गाठ फिकट पिवळी दिसते. ही होवरफ्लाय, म्हणजे माशीच, डास आणि घरमाशीच्या गणातली. त्या गाठी म्हणजे मागच्या पंखांचंच रूपांतर, उडताना त्या पण हलत असतात आणि आपण कुठे कलतोय, कुठे वळतोय हे माशीला त्यातून कळतं. लाखाहून जास्त जातींच्या या अख्ख्या गणाची खूण म्हणजे ही जोडी, आणि खूण पण खरी, एकदाच कुठेतरी झालेला बदल जो सगळ्या वंशात उतरला.

आणि पट्टे? पट्टे खोटे. तिला डंख नाही, काही नाही. पक्ष्यांनी मधमाशी समजून नाद सोडावा एवढ्यासाठी ते आहेत. हेन्री वॉल्टर बेट्सने १८६२ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या फुलपाखरांवरून ही नकलेची गोष्ट लिहिली, तेव्हापासून या प्रकाराला त्याचंच नाव आहे. मला यातलं जे आवडतं ते हे की जी खूण लांबून दिसते, पटकन कळते, तीच खोटी असण्याची शक्यता जास्त, कारण ती दुसऱ्यांनी बघावी म्हणूनच तयार झालेली असते. कुठलाही पक्षी माशीच्या पंखामागची गाठ बघून ठरवत नाही की खाऊ की नको, त्यामुळे त्या गाठीला खोटं बोलायचं काही कारणच नसतं.

लिनियसने १७३५ मध्ये सगळ्या सृष्टीची यादी पहिल्यांदा छापली तेव्हा ती मोजक्या भल्यामोठ्या पानांची होती आणि त्यात देवमासे माशांमध्ये होते. खरं तर त्याच्या दोन हजार वर्षं आधी अ‍ॅरिस्टॉटल लिहून गेला होता की डॉल्फिन हवेतून श्वास घेतो, पिल्लं देतो, त्यांना दूध पाजतो. तरी लिनियसला ते दुरुस्त करायला १७५८ ची दहावी आवृत्ती उजाडली, तिथे त्याने सस्तन हा वर्ग केला आणि देवमासे त्यात घातले. प्राण्यांची शास्त्रीय नावं आजही याच आवृत्तीपासून मोजतात. याच आवृत्तीत कृमी नावाचा एक वर्ग आहे त्यात गांडूळ, गोगलगाय, जेलीफिश, तारामासा, जे जे कुठे बसेना ते सगळं कोंबलेलं आहे. आणि रानबदकाचा नर आणि मादी अशा दोन वेगळ्या जाती केल्यात, कारण नराचं डोकं हिरवंगार आणि मादी तपकिरी. त्याला हसावंसं वाटतं खरं, पण त्याच्याकडे होतं काय, वाळलेले नमुने, दुसऱ्यांनी काढलेली चित्रं आणि लोकांची पत्रं.

देवमाशाचं पुस्तकात ठरलं तरी बाहेर ठरलं नव्हतंच. १८१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये यावर चक्क खटला झाला. माशाच्या तेलाची तपासणी करून फी घ्यायचा कायदा होता, आणि एका व्यापाऱ्याने देवमाशाच्या तेलाच्या पिंपांवर ती द्यायला नकार दिला की देवमासा मासा नाही म्हणून. सॅम्युअल मिचिल नावाचे मोठे निसर्गतज्ज्ञ साक्षीला आले, त्यांनी सगळं शास्त्र सांगितलं, आणि ज्युरीने फार वेळ न घालवता निकाल दिला की देवमासा मासाच आहे. नंतर कायदाच बदलला तो भाग वेगळा. त्यानंतर दोनशे वर्षं गेली, आपण शहाणे झालो, आणि २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने म्हटलं की भुंग्यासारख्या जाड्या बम्बलबी या कायद्यापुरत्या 'मासे' आहेत. कारण त्या राज्याच्या कायद्यात मासे या शब्दाच्या व्याख्येत अपृष्ठवंशी प्राणी पण घातलेले आहेत, आणि संकटातल्या जातींना संरक्षण देणाऱ्या कायद्यात कीटकांचा उल्लेख नव्हता, मग माशांच्या दारातून त्यांना आत घेतलं. मला हा दुसरा निकाल मनापासून आवडतो. त्या माश्यांना संरक्षण मिळण्याशी मतलब.

बदकचोच्याची, म्हणजे प्लॅटिपसची गोष्ट सगळ्यांना माहीत असते म्हणून पटकन सांगते. १७९९ मध्ये जॉर्ज शॉने त्याचं वर्णन छापलं तेव्हा त्याला स्वतःलाच शंका होती की कुणीतरी बदकाची चोच शिवून आपल्याला बनवतंय. पुढे दूध देतो हे कळलं, मग अंडी घालतो का यावर अनेक दशकं भांडण, शेवटी १८८४ मध्ये कॉल्डवेलने ऑस्ट्रेलियातून तार करून कळवलं की हो, घालतो. यात चोच हा मुद्दाच नव्हता. ती चोच पक्ष्यासारखी टणक नसतेच, मऊ कातड्याची असते आणि पाण्यातल्या भक्ष्याच्या स्नायूंतली बारीक वीज टिपते. सस्तन म्हणून त्याला ओळखायला केस आहेत, दूध आहे, खालचा जबडा एकाच हाडाचा आहे, आणि कानात तीन बारीक हाडं आहेत, जी आपल्याही कानात आहेत. त्यातली दोन हाडं फार पूर्वी जबड्याच्या सांध्यात होती, पाल-सरड्यांत ती अजूनही तिथेच आहेत. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ स्वतःचा जबडा कानापाशी चाचपत बसले होते.

पण हाडांची खरी गोष्ट देवमाशाचीच. सस्तन तर ठरला, पण सस्तनांतला कोण? बरीच वर्षं दातांवरून म्हणायचे की मेसोनिकिड नावाचे खुरांचे मांसाहारी प्राणी होते, नामशेष झालेले, त्यांच्यापासून देवमासे आले. जुन्या देवमाशांचे त्रिकोणी दात आणि यांचे दात अगदी सारखे. मग १९९० च्या दशकात डीएनएवाले आले आणि म्हणाले, नाही हो, देवमाशाचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा आहे, म्हणजे गाय, हरीण, डुक्कर, उंट यांच्या समखुरी गणातलाच हा. हाडं बघणारे काही लगेच मानेनात, आणि त्यांचं अगदीच चूक पण नव्हतं, कारण समखुरी प्राण्यांची ओळखच मुळी घोट्याच्या एका हाडावरून करतात. ते हाड दोन्ही टोकांना कप्पीसारखं असतं, वर पण खाच आणि खाली पण खाच, त्यामुळे पाय पुढेमागे सणसणीत हलतो, बाजूला फारसा नाही. असं दुहेरी कप्पीचं हाड दुसऱ्या कुठल्याच सस्तनात नाही. आता देवमाशाला मागचे पायच नाहीत तर घोटा कुठून दाखवणार?

तर २००१ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी, एक गिंजरिचचा आणि एक थेविसनचा, पाकिस्तानातल्या खडकांतून जवळपास पाच कोटी वर्षांपूर्वीचे देवमासे पायांसकट काढले. आणि घोट्याचं हाड? दोन्ही टोकांना कप्पी. म्हणजे डीएनए बरोबर, दात फसवे. मांस फाडून खाणाऱ्या दोन वेगळ्या वंशांचे दात एकसारखे झाले होते, कारण काम तेच होतं. मग २००७ मध्ये काश्मीरच्या खडकांतला इंडोह्यूस आला. रंगा राव या भूगर्भशास्त्रज्ञांनी ते दगड फार पूर्वी गोळा करून ठेवले होते, त्यांच्या पश्चात ते फोडले गेले, त्यात हा मांजराहून थोडा मोठा, हरणाच्या छोट्या आवृत्तीसारखा प्राणी निघाला, आणि त्याच्या कानाच्या हाडाची एक बाजू जाड होती. कानाचं असं जाड हाड तोवर फक्त देवमाशांत माहीत होतं. बघा म्हणजे, तीस मीटरच्या निळ्या देवमाशाचं नातं शोधायचं तर शेपूट बघून उपयोग नाही, आकार बघून नाही, एक घोटा आणि एक कान.

काही प्राण्यांचं तर मोठेपणी काही विचारूच नका, लहानपण बघावं लागतं. समुद्रातल्या खडकाला चिकटलेले बार्नेकल शिंपल्यांसारखे दिसतात म्हणून मृदुकाय प्राण्यांत टाकलेले होते. १८३० मध्ये व्हॉन थॉम्पसनने त्यांची पिल्लं बघितली तर ती पोहणारी, पायांची, सरळसरळ खेकडा-कोळंबीच्या कुळाकडची. डार्विनने पुढे या बार्नेकलवर आठ वर्षं घालवली. तशीच गोष्ट अ‍ॅसिडियनची. मोठेपणी तो एक दोन तोंडांची पिशवी असतो, दगडाला चिकटून पाणी आत घेतो, बाहेर टाकतो, बास. १८६६ मध्ये कोवालेव्हस्कीने दाखवलं की त्याचं पिल्लू बेडकाच्या पिल्लासारखं शेपटीवालं असतं आणि त्या शेपटीत पृष्ठरज्जू असते, म्हणजे आपण गर्भात असताना कण्याच्या जागी असते तीच दांडी. म्हणजे हा पिशवी प्राणी खेकड्यापेक्षा, मधमाशीपेक्षा, ऑक्टोपसपेक्षा आपल्याला जवळचा.

आणि खोल समुद्रातल्या व्हेलफिश नावाच्या माशांनी तर कहर केला. तीन वेगळी कुळं होती, शास्त्रज्ञांनी रीतसर वर्णन केलेली. एकातले बारके मासे, काहींच्या शेपटीला लांबच लांब झालर, ते वरच्या पाण्यात सापडायचे. दुसऱ्यातले मोठ्या नाकाचे, आखडलेल्या छोट्या जबड्यांचे. तिसऱ्यातले भल्यामोठ्या तोंडाचे, खोलात राहणारे. २००९ मध्ये कळलं की पहिलं कूळ म्हणजे पिल्लं, दुसरं म्हणजे नर, तिसरं म्हणजे माद्या. नर मोठा झाला की खाणंच सोडतो, भल्यामोठ्या यकृतात अगोदर साठवलेल्या शिदोरीवर जगतो आणि नाकाने मादी शोधत हिंडतो. एका घरातली माणसं तीन आडनावांनी नोंदवलेली होती, आणि कुणाचा निष्काळजीपणा नव्हता, खुणांप्रमाणे सगळं बरोबरच होतं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल की मग दिसणाऱ्या खुणांना काही अर्थच नाही. तसं मुळीच नाही. मण्यार आणि कवड्या घ्या. दोघेही रात्री फिरणारे, दोघेही गडद, अंगावर पांढरे आडवे पट्टे. मण्यार अतिविषारी, कवड्या बिनविषारी. इथे कुणी मला यांचा पूर्वज किती कोटी वर्षांपूर्वीचा हे सांगायला लागलं तर मी त्याला गप्प बसवीन. इथे कामाला येतं ते हे की कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात, मण्यारीचे बहुतेक वेळा डोक्यापासून काही अंतरावर सुरू होतात, बारीक असतात, जोडीजोडीने असतात आणि शेपटीकडे जास्त स्पष्ट होतात. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध षटकोनी मोठ्या खवल्यांची एक रांग असते, ती सगळ्यात भरवशाची खूण, पण ती दिसण्याइतकं जवळ जायचं नाही हे सर्पमित्र घसा फोडून सांगतात ते उगाच नाही. शिवाय काही मण्यारींवर पट्टे जवळपास नसतातच. म्हणून चावा असेल तर, तो दुखत नसला तरी, पट्टे मोजत बसायचं नाही, आधी हॉस्पिटल. मण्यारीचा चावा बऱ्याचदा दुखतच नाही, तीच तर भीती.

हल्ली डीएनए बारकोड आहे, पॉल हेबर्टने २००३ मध्ये सुचवलेला, एका जनुकाचा साडेसहाशे अक्षरांच्या आसपासचा तुकडा वाचायचा आणि जात सांगायची. पुढच्याच वर्षी कोस्टारिकातलं एक फुलपाखरू, सगळे एकच जात समजत होते, ते त्यात दहा जाती निघालं. पण ही शंका आधी बारकोडने आणलेली नव्हती. सुरवंट पाळणाऱ्या लोकांना आधीपासून दिसत होतं की यांचे सुरवंट वेगवेगळ्या रंगांचे आहेत आणि वेगवेगळ्या झाडांवर राहतात. फुलपाखरं मात्र बाहेर आल्यावर जवळपास एकसारखी.

माझा स्वतःचा नाद आहे कोळ्यांचा. कोळ्यांची शास्त्रीय नावं सगळ्या प्राण्यांत जुनी धरली जातात, स्वीडनच्या क्लर्कने १७५७ मध्येच छापलेली, म्हणून त्यांच्यासाठी नियमात खास अपवाद केलाय. कोळ्याचं कूळ बरेचदा आठ डोळ्यांच्या मांडणीवरून कळतं, उडी मारणाऱ्यांचे पुढचे दोन टपोरे, लांडगा कोळ्याचे खाली चार बारीक, वर दोन मोठे, मागे अजून दोन. डोळ्यांचा फोटो आला की मी खूश. पण जात ठरवायची तर बहुतेकांच्या बाबतीत जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते, आणि त्यासाठी कोळी मारून अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो. संशोधनासाठी ते करणाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांनी ते केलं म्हणून तर आपल्याकडे नावं आहेत. मला ते करायचं नाहीये, त्यामुळे माझ्या फोल्डरमधले बरेच कोळी 'उड्या मारणारा, तपकिरी' आणि 'उड्या मारणारा, तपकिरी, दुसरा' अशाच नावांनी पडून आहेत.